नगरपालिकेचे अंदाजपत्रक कसे वाचावे?



अंदाजपत्रक म्हटले की आपण मान फिरवतो. आकड्यांचे ते बाड मुख्याधिकाऱ्यांनी मांडावे, नगरसेवकांनी हात वर करून संमत करावे आणि आपण घरपट्टी भरून मोकळे व्हावे, असा आपला रिवाज. माझाही तोच होता. परंतु सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका लहान गावच्या नगरपालिकेत झाडूकामगारांचे तीन महिन्यांचे पगार तटले. युनियनचा माणूस म्हणून मी विचारावयास गेलो, तेव्हा ‘तरतूद संपली’ एवढेच उत्तर मिळाले. ही तरतूद म्हणजे काय आणि ती संपते कशी, हे समजून घेण्यासाठी मी ते बाड पहिल्यांदा उघडले. त्यात जे शिकलो तेच आज आपणांपुढे ठेवतो.

प्रत्येक शीर्षासमोर साधारणतः तीन रकाने असतात: मागील वर्षी प्रत्यक्ष काय झाले, चालू वर्षाचा सुधारित अंदाज काय, आणि पुढील वर्षाचा अंदाज काय. आपली नजर शेवटच्या रकान्यावर जाते, कारण वर्तमानपत्रांत तोच छापून येतो. वाचावयास सुरुवात मात्र पहिल्या रकान्यापासून करावी. आमच्या त्या गावात घरपट्टीची वसुली कधी झाली नव्हती एवढी जमेस धरली होती. जमा फुगवली की खर्चही तेवढा मांडता येतो आणि ताळेबंद जुळलेला दिसतो. पगाराची तरतूद होती, पण ती कागदावर होती, तिजोरीत नव्हती.

दुसरी गोष्ट पाहावयाची ती महसुली आणि भांडवली या दोन बाजूंची. पगार, विजेचे बिल, औषधफवारणी, दिव्यांची दुरुस्ती हा दरवर्षीचा खर्च महसुली. रस्ता, टाकी, बगीचा, सभागृह बांधणे हा भांडवली. घरात भांडे घेणे आणि चूल पेटती ठेवणे यांत जो फरक, तोच येथे आहे.

आता या चुलीला सरपण कोठून येते ते पाहू. पूर्वी गावाच्या वेशीवर जकातनाका असे. व्यापार वाढला की जकात आपोआप वाढे. त्या नाक्यांवर लाचलुचपत होती, गाड्या तासन्‌तास खोळंबत. तिचे गोडवे मला गावयाचे नाहीत. 1999 मध्ये नगरपरिषदांच्या हद्दीतील जकात बंद झाली आणि तिच्या बदल्यात राज्य सरकार अनुदान देऊ लागले. परिणाम असा झाला की, नगरपालिकेची स्वतःची म्हणावी अशी मोठी मिळकत घरपट्टी, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे एवढ्यावर आली. बाकीच्यासाठी वर पाहावयाचे.

वरून येणारा पैसा बहुधा काही ना काही अटी घालून येतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळात दहा लाखांहून लहान शहरांसाठी जे अनुदान सुचवले, त्यातील साठ टक्के पाणी व स्वच्छता यांना बांधलेले होते. उरलेले चाळीस टक्के स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येत. मात्र पगार आणि आस्थापनाखर्च त्यातून भागवता येत नसे. अटीमागे हेतू चांगला होता, कारण सारा पैसा पगारात जाऊ नये. पण गावात याचा अर्थ एवढाच होतो की, बांधावयास पैसा मिळतो, राखावयास मिळत नाही.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, तीस लाखांच्या अनुदानातून बगीचा झाला. त्यास दोन माळी आणि एक राखणदार लागतो. प्रत्येकी दरमहा पंधरा हजार धरले तर वर्षाचे पाच लाख चाळीस हजार झाले. सहा वर्षांत पगाराचीच रक्कम बगीच्याच्या किमतीपुढे जाते. पाणी, वीज, रोपे निराळीच. उद्घाटनाच्या दिवशी ही रक्कम कोणी विचारीत नाही. मग पहिला माळी कमी होतो, नंतर हिरवळ वाळते, झोपाळ्याची साखळी तुटते आणि शेवटी फाटकास कुलूप लागते.

पाण्याचेही तसेच. भुयारी गटारे असलेल्या शहरास दरडोई रोज 135 लिटर आणि नसलेल्यास 70 लिटर असे प्रमाण मानले जाते. पन्नास हजार वस्तीच्या गावास 70 च्या हिशेबाने रोज 35 लाख लिटर पाणी चढवावे लागते. नवी टाकी बांधल्याने ते चढत नाही. पंपाचे वीजबिल भरावे लागते, गळती शोधावी लागते, आणि पहाटे उठून व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस लागतो. तो माणूस कंत्राटी असेल तर त्याचा पगार आस्थापनेत दिसत नाही, कंत्राटाच्या एका ओळीत दडून बसतो. ती ओळ मी नेहमी आधी शोधतो.

येथे कोणी म्हणेल, ठराव तर होतात ना? ठरावाची किंमत आपल्या महाडने दाखवून दिली आहे. मुंबई कायदेमंडळातील 1923 च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे अस्पृश्यांस खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो दप्तरात पडून राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव पाण्यापर्यंत पोहोचला. आणि त्याच वर्षी नगरपालिकेने तो रद्दही केला! तो प्रश्न मनुष्यत्वाच्या हक्काचा होता. बगीच्याच्या हिशेबाशी त्याची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. परंतु ठराव आणि अंमल यांतील अंतर माणसांनाच चालून जावे लागते, हे तेथे कायमचे शिकावे.

खेड्याला ग्रामसभा आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांसाठीच. आपल्यासारख्या लहान गावास दोन्ही नाहीत. म्हणून आपणच काही केले पाहिजे. अंदाजपत्रकाची प्रत मागा. न मिळाल्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने अर्ज करा. प्रत्येक नव्या कामासमोर एकच प्रश्न लिहा: हे रोज कोण चालवणार आणि त्याचा पगार कोणत्या शीर्षातून निघणार? उत्तर ‘घरपट्टीतून’ असे आले, तर आपल्या गल्लीची थकबाकीही मोजा. सर्वांत मोठे थकबाकीदार झोपडीतच राहतात असे समजू नका. यादी वाचून पाहा.

त्या गावात आम्ही पुढे काय केले, ते सांगून संपवतो. मागील वर्षाची प्रत्यक्ष वसुली आणि नव्या वर्षाचा अंदाज हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहून चौकात ठेवले. घोषणा दिली नाही. दोन दिवसांत माणसे फळ्यापाशी थांबू लागली, दुकानदार आपसांत बोलू लागले, आणि नगरपालिकेत विचारणा सुरू झाली. पगार दोन हप्त्यांत निघाले. पुढल्या वर्षी जमेचा आकडा खाली आला आणि त्याबरोबर एका कमानीचे काम रद्द झाले. त्या कमानीची आठवण गावात आज कोणास नाही; रस्ते मात्र रोज झाडले जाऊ लागले.