गाण्याचे रोजचे गिऱ्हाईक

डिसेंबर महिन्यात पुण्याच्या मुकुंदनगरात काही दिवस दुपारपासूनच वर्दळ वाढते. खांद्यावर शाल, काखेत आसनाची गुंडाळी आणि पिशवीत पाण्याची बाटली घेतलेली माणसे महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलाकडे निघालेली दिसतात. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव २०१८ साली रमणबागेच्या मैदानातून या संकुलात आला. गुलटेकडीची घाऊक बाजारपेठ येथून जवळच आहे आणि आसपास व्यापारी कुटुंबांची वस्तीही मोठी आहे. ज्या गाण्यासाठी पूर्वी शहरातील पेठांत जावे लागे, ते गाणे आता या कुटुंबांच्या दाराशी येऊन उभे राहिले आहे.

महोत्सव संपतो आणि मांडव उतरतो. त्यानंतर जानेवारीतील एखाद्या साध्या मंगळवारी, याच शहरातील एखाद्या लहान सभागृहात, कोणी तरुण गायिका तंबोरे जुळवून बसते. दोनशे खुर्च्यांपैकी चाळीसच भरलेल्या असतात. त्यांतही निम्मे लोक तिच्या गुरूंचे शिष्य, नातलग आणि शेजारी असतात. गाणे उत्तम होते, टाळ्याही मनापासून होतात. परंतु सभागृहाचे भाडे आयोजकाच्या खिशातून जाते आणि पुढील महिन्याच्या कार्यक्रमाची तारीख त्या सायंकाळी जाहीर होत नाही.

व्यापारात मुरलेल्या माणसाला यातील गोम समजावून सांगावी लागत नाही. दिवाळीच्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तरी जागेचे भाडे, नोकरांचे पगार आणि घरचा खर्च भागतो तो वर्षभर येत राहणाऱ्या रोजच्या गिऱ्हाइकावर. महोत्सव ही गाण्याची दिवाळी आहे. ती थाटात होते आणि व्हायलाच हवी. उणीव आहे ती रोजच्या गिऱ्हाइकाची, आणि शहरातील संगीत टिकणार की नाही हे त्याच्यावरच ठरणार आहे.

दरबारातून समाजाकडे

एके काळी गवयाचा योगक्षेम संस्थानिकांच्या आश्रयावर चाले. दरबारात नेमणूक मिळाली की घर चाले. मर्जी फिरली की गाव सोडावे लागे. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकलेल्या पं. विष्णू दिगंबर पलुस्कर यांनी ही चौकट मोडण्याचे धैर्य दाखविले. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या आरंभीच्या गायकांत त्यांची गणना होते. १९०१ साली त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले, तेही एखाद्या राजाच्या खजिन्यावर विसंबून नव्हे, तर लोकांच्या पाठबळावर.

पुण्यात या विचाराची भूमी आधीपासून तयार होती. १८७४ साली पूना गायन समाज स्थापन झाला. भास्करबुवा बखले यांनी १९११ साली सुरू केलेली संस्था पुढे भारत गायन समाज या नावाने नावारूपास आली. किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ साली येथे आर्य संगीत विद्यालय काढले. १९३२ साली पं. विनायकराव पटवर्धन यांनी पुण्यात गांधर्व महाविद्यालय उभे केले. कारकून, शिक्षक, वकील, दुकानदार अशा सामान्य घरांतील मुले-मुली गाणे शिकू लागली आणि त्यांच्याबरोबर त्यांची कुटुंबे ऐकू लागली. श्रोता तयार झाला तो असा.

आजच्या महोत्सवाचे मूळही फार साधे आहे. अब्दुल करीम खाँ यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांचे १९५२ साली निधन झाले. पुढील वर्षी त्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनी संगीतसमारोह सुरू केला. गंगूबाई हनगल आणि फिरोझ दस्तूर या गुरुभगिनी-गुरुबंधूंनीही त्यात वर्षानुवर्षे सेवा रुजू केली. आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने होणारा हा समारोह हजारो श्रोत्यांपर्यंत पोहोचला तो अनेक दशकांच्या चिकाटीने. भीमसेनजींच्या निधनानंतर त्यांचे नावही त्याला जोडले गेले.

करोनाच्या काळात २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी हा महोत्सव होऊ शकला नाही. रसिकांना तेव्हा एका सोहळ्याची उणीव भासली. तबलावादक, पेटीवादक आणि ध्वनियोजना सांभाळणारे यांच्यासाठी मात्र तो उत्पन्नाचा प्रश्न होता. लहान कार्यक्रमही बंद होते. गाण्यामागे किती घरांची चूल पेटते, हे त्या दोन वर्षांनी दाखवून दिले.

एका मैफलीचा जमाखर्च

रंगमंचावर मुख्य गायक एकच दिसतो. परंतु मैफल एकट्याची नसते. उजवीकडे-डावीकडे तबला व पेटी, मागे तंबोऱ्यावर दोन शिष्य, कोपऱ्यात ध्वनिक्षेपकाची जुळवाजुळव करणारा माणूस. सभागृहाचे भाडे, वाद्यांची ने-आण, प्रवास आणि निमंत्रणाची छपाई हे खर्च श्रोते चाळीस आले तरी तेवढेच आणि चारशे आले तरी तेवढेच. दोन-अडीच तासांच्या त्या गायनामागे पंधरा-वीस वर्षांची तालीम असते. तिचा हिशेब कोणत्याच वहीत मांडला जात नाही.

म्हणूनच विनामूल्य प्रवेशिकेचा आग्रह विचार करण्याजोगा आहे. दुकानात आलेला ओळखीचा मनुष्य 'आपलेच दुकान' म्हणत पैसे न देता माल उचलू लागला, तर कोणताही व्यापारी दुसऱ्यांदा त्याचे हसून स्वागत करणार नाही. तोच व्यापारी गाण्याच्या कार्यक्रमाचे तिकीट काढण्याऐवजी ओळखीतून पास मिळविण्याची खटपट करतो, यात विसंगती आहे. तिकीट परवडत नाही असे क्वचितच असते. गाणे ही विकत घ्यायची वस्तू आहे असे वाटत नाही, हे खरे कारण होय. ज्या मालाला किंमत मिळत नाही तो माल कोणीही पुन्हा भरत नाही. पंचविशीतील गुणी शिष्य गाणे बाजूला ठेवून नोकरी धरतो, तेव्हा नेमके हेच घडलेले असते.

जाहिरात देणाऱ्या पेढ्यांनीही थोडा निराळा विचार करावा. मोठ्या महोत्सवातील फलक सर्वांना दिसतो, त्यामुळे त्यासाठी पैसा सहज निघतो. लहान संस्थेच्या मासिक मैफलीला मात्र प्रायोजक मिळत नाही. वास्तविक, त्याहून पुष्कळ कमी रकमेत तिच्या सभागृहाचे भाडे भरता येईल. मोठ्या कंपन्यांसाठी २०१३च्या कंपनी कायद्याने सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून कला व संस्कृतीच्या जतनासाठी खर्च करण्याचा मार्ग मोकळा ठेवला आहे. लहान पेढीला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्षातील एका मैफलीचे भाडे एका कुटुंबाने उचलले, तरी आयोजकाच्या डोक्यावरील मोठे ओझे उतरते.

वेळेची अडचण आणि तिच्यावरील उपाय

'दुकान वाढवून निघेपर्यंत गाणे संपलेले असते,' ही व्यापाऱ्यांची तक्रार खोटी नाही. ध्वनिप्रदूषणाविषयीच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. शासनाला वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते, इतकेच. पूर्वी सवाई गंधर्व महोत्सवाच्या मैफली पहाटेपर्यंत रंगत. आता बैठका लवकर सुरू होऊन लवकर आटोपतात. दरबारी कानडा, मालकंस यांसारखे रात्रीचे राग त्यांच्या खऱ्या प्रहरी ऐकण्याचे प्रसंग त्यामुळे विरळ झाले.

तरीही मार्ग आहेत. अनेक संस्था रविवारी सकाळी मैफली ठेवतात. दिवाळीतील पहाटेच्या मैफली तर बाजार उघडण्यापूर्वीच संपतात. ज्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन होते, त्यांना सायंकाळचा साडेसहाचा कार्यक्रम मुळीच अडचणीचा नाही. जेवणाच्या वेळेसाठी मध्यंतरात उठून जावे लागत नाही, हा त्यांचा लाभच म्हणावा लागेल. पेढीवर दोन भाऊ असतील तर एकाने महिन्यातून एक सायंकाळ आणि दुसऱ्याने दुसरी, अशी वाटणीही करता येते.

घरातील बैठक

यावरील सर्वांत जुना आणि सुंदर उपाय म्हणजे घरगुती बैठक. दिवाणखान्यातील सोफे भिंतीशी सरकवावेत, सतरंज्या अंथराव्यात, चाळीस-पन्नास माणसे बोलवावीत. एवढ्या जागेत ध्वनिक्षेपकाची गरज लागत नाही. त्यामुळे रात्रीचा राग शेजाऱ्यांना त्रास न देता त्याच्या वेळेला गाता येतो. तंबोऱ्याच्या जवारीची आस आणि आवाजातील बारीक हरकत यंत्राविना कानी पडते. हा अनुभव मोठ्या मांडवात मिळत नाही.

अशा बैठकीची काही पथ्ये आहेत. बिदागी आधी ठरवावी आणि ती मोकळेपणाने ठरवावी. 'घरचाच कार्यक्रम आहे' ही सबब सांगून ती कमी करू नये. तबला आणि पेटीच्या साथीदारांचे मानधन स्वतंत्रपणे त्यांच्या हाती द्यावे. वाद्ये जुळविण्यासाठी अर्धा तास शांतता राखावी. अल्पोपाहार गाण्यापूर्वी उरकावा. गाणे चालू असताना ताटल्या फिरवू नयेत. दूरध्वनी बंद ठेवावेत. यजमानाने पहिल्या रांगेत बसून अखेरपर्यंत ऐकावे, कारण यजमानच ये-जा करू लागला तर पाहुण्यांना गप्पांची मुभा मिळते.

हेच भान लग्नसमारंभातही हवे. विवाहसोहळ्यात जिवंत सनई किंवा सतार असावी, ही हौस चांगली आहे. परंतु भोजनाच्या कोलाहलात कोपऱ्यातील चौथऱ्यावर बसवलेल्या वादकाकडे कोणी मान वळवूनही पाहत नाही, तेव्हा पैसे पोहोचले तरी मान पोहोचत नाही. सीमांतपूजनाच्या आधी अर्धा तास केवळ वादनासाठी राखून ठेवला, कलावंताचे नाव सर्वांसमोर घेतले आणि वडीलधाऱ्यांनी पुढे बसून ऐकले, तर त्याच खर्चात सोहळ्याची शोभा निराळी होते.

मुलांचे कान

'आम्हाला त्यातले काही कळत नाही,' असे म्हणून अनेक कुटुंबे गाण्यापासून दूर राहतात. कापड हाताळता हाताळता ज्याला पोत कळू लागला, तांदळाचे दाणे तळहातावर घेता घेता ज्याला वाण ओळखता येऊ लागले, त्याने असे म्हणू नये. कानही असेच तयार होतात. पहिल्या वेळी केवळ समेवर मान हलते. पाचव्या वेळी तबल्याचा ठेका लक्षात येतो. विसाव्या वेळी राग ओळखीचा वाटतो. तानसेन होणे थोड्यांच्या नशिबी असते. कानसेन होण्यासाठी हजेरी पुरते.

जैन परंपरेलाही संगीतशास्त्र परके नाही. जैन आचार्य पार्श्वदेव यांचा 'संगीतसमयसार' हा ग्रंथ भारतीय संगीताच्या मध्ययुगीन ग्रंथांत मानाचे स्थान मिळवून आहे. घराघरांत स्तवने गायिली जातात, पूजेत ताल धरला जातो. सुराशी असलेले हे नाते मुलांच्या कानांत आधीच रुजलेले असते. त्याला मैफलीपर्यंत नेण्याचे काम वडीलधाऱ्यांचे आहे. दहा वर्षांच्या मुलाला तीन तास बसविण्याचा हट्ट धरू नये. एक तास ऐकवावे, तबलजींच्या बोटांकडे पाहू द्यावे, आणि कार्यक्रम संपल्यावर कलावंताला नमस्कार करायला न्यावे. समोर बसलेला माणूस आपल्यासाठी गायला, ही जाणीव भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून होत नाही.

जानेवारीतील त्या मंगळवारचे चित्र पालटण्यासाठी फार मोठे काही घडावे लागत नाही. आजोबा, आई-वडील आणि शाळकरी मुलगी असे चौघांचे एक कुटुंब चार तिकिटे काढून दुसऱ्या रांगेत येऊन बसते. चाळीसाचे चव्वेचाळीस होतात. पुढील खेपेस त्यांच्यासोबत शेजारचे कुटुंब येते. गायिकेला गर्दीतील अनोळखी चेहरे दिसतात. आपले नातलग नसलेले लोक पैसे मोजून ऐकायला आले आहेत, हे तिच्या ध्यानात येते. कार्यक्रम संपताना आयोजक ध्वनिक्षेपकापाशी येतो आणि पुढील महिन्याची तारीख सांगतो. मुलगी ती तारीख दुकानाच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवते.