साडेचार फुटांची फळी

डिसेंबरात एका सरकारी कार्यालयाचं टपाल आलं. एका पांदण रस्त्याच्या कामाची मोजमाप पुस्तिका आणि तिच्यावर सह्या करणाऱ्यांची नावं-हुद्दे मी माहितीच्या अधिकारात मागितले होते. उत्तर दीड ओळीचं. मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने पुरवता येत नाही. रस्ता सरकारी, मुरूम सरकारी, पैसा सरकारी, सही तेवढी वैयक्तिक.

बाबूला बोल लावण्यात अर्थ नाही, आता कायदाच त्याच्या बाजूला आहे. १२ ऑक्टोबर २०२५ रोजी माहितीच्या अधिकाराला वीस वर्षं झाली. त्याचे हारतुरे सुकतात न सुकतात तोच, नोव्हेंबरच्या मध्यावर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम निघाले आणि त्याच दमात त्या कायद्याचं कलम ४४(३) लागू झालं. त्याने २००५ च्या कायद्यातलं ८(१)(जे) हे पोटकलम बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगीपणावर विनाकारण घाला पडतो, असं म्हणावं लागे. तरीही व्यापक जनहित दिसलं तर ती द्यावीच लागे. शिवाय जे विधिमंडळाला नाकारता येत नाही ते साध्या माणसालाही नाकारता येणार नाही, असं एक खणखणीत परंतुक होतं. ते सगळं गेलं. ‘वैयक्तिक’ हा शिक्का मारला की विषय संपला. जनहिताची तरतूद कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, असं सरकार सांगतं. शिल्लक आहे, कबूल. पण जनहित कशात आहे हे पहिल्यांदा ठरवणार कोण? तोच बाबू.

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या मोहाडीत खासगीपणाची चर्चा कुणी कधी केली नाही. तो कुणाकुणाचा कसा गेला हे मात्र मी पाहिलं आहे. म्हणून हा मागोवा.

सुरुवातीची वर्षं भराभर ओलांडतो. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट लोकांसाठी खुलं केलं, सन २००० मध्ये माहिती तंत्रज्ञान कायदा आला. आम्ही तेव्हा एसटीडी बूथबाहेर पाळी लावून उभे होतो. एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्रांची लाट आली, पोरांनी ती लॅमिनेट करून ठेवली. त्यात रस घेण्यासारखं काही नाही.

माझं दशक २००५ ते २०१५. बसस्टँडजवळ मित्राचं सायबर कॅफे होतं. चार संगणक, एक इन्व्हर्टर, भिंतीवर माँ चौंडेश्वरीचा फोटो आणि त्याखाली भारनियमनाचं वेळापत्रक. मी नागपूरच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. बातमी तिथूनच पाठवायचो. बारावीच्या निकालाच्या दिवशी दुकानाबाहेर सायकलींचा खच पडे. आंधळगावचा एखादा कोष्टी कोशाच्या साडीचा फोटो व्यापाऱ्याला मेल करायला येई आणि फोटो पोचला का हे विचारायला लगेच एसटीडीवर जाई. पण त्या कॅफेत सगळ्यात जास्त टंकलं गेलं ते माहितीच्या अधिकाराचे अर्ज. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दोन रुपये पान, दारिद्र्यरेषेखालच्याला फुकट, तीस दिवसांत उत्तर. “काजी भाऊ, आमच्या गावच्या हजेरीपटात मेल्या माणसाचं नाव हाय म्हंतेत, काढता येते का?” असं विचारत माणसं करडी-कांद्रीकडून यायची. काढता यायचं. एकदा रोजगार हमीच्या एका कामाचा हजेरीपट आला. नावं वेगवेगळी आणि पुढचे अंगठे सगळे एकाच जांभळ्या शाईचे, एकाच डाव्या कलाचे. चहाच्या टपरीवर तो कागद हातोहात फिरला. त्या कागदावर मजुरांची नावं, जाती, मजुरी सगळंच होतं. कुणाला ते वैयक्तिक वाटलं नाही, कारण ज्यांची नावं होती तेच तो कागद मागत होते.

त्याच दशकाच्या तोंडाशी, २९ सप्टेंबर २००६ ला, आमच्याच तालुक्यातल्या खैरलांजीत भोतमांगे या दलित कुटुंबातल्या मायलेकींसह चौघांची हत्या झाली. एक हिशेब इथेच मांडतो. मोठ्या वर्तमानपत्रांना ही बातमी मोठी वाटायला जवळपास महिना लागला. सुरुवातीला जे छापून आलं त्यात घरातल्या बाईच्या चारित्र्याची कुजबुज जास्त होती, जातीचा उल्लेख कमी. सत्यशोधन समित्यांचे अहवाल आणि मृतदेहांचे फोटो आंबेडकरी कार्यकर्त्यांच्या मेलमधून देशभर, देशाबाहेर फिरले, आणि ते फिरत फिरत आमच्या कॅफेत आले. आमच्या तालुक्याची बातमी आम्हाला परगावच्या पोरांनी पाठवावी, हा इंटरनेटचा मी पाहिलेला पहिला पराक्रम. त्या मायलेकींचे फोटो असे फिरवावेत का, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नाही. फिरले नसते तर प्रकरण दाबलं गेलं असतं, हेही तितकंच खरं. नागपुरात लोक रस्त्यावर आले तेव्हा तत्कालीन गृहमंत्र्यांना त्यामागे नक्षलवादी दिसले. खासगीपणावरची गुळगुळीत भाषणं ऐकताना मला हा पेच आठवतो. भाषण करणाऱ्यांना तो कधी पडलेला दिसत नाही.

मग कायद्याचे हात लांब होत गेले. ऑर्कुटवर शिवाजी महाराजांची बदनामी झाली म्हणून पुण्यात कॅफे फोडले गेले. ऑगस्ट २००७ मध्ये त्याच तक्रारीवरून पुणे पोलिसांनी बंगळुरूहून एक तरुण संगणक अभियंता उचलून आणला. सेवा कंपनीने आयपी पत्त्याचा ग्राहक चुकीचा कळवला होता. निरपराध पोरगा पन्नास दिवस येरवड्यात राहिला. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर, संसदेने फारशी चर्चा न करता माहिती तंत्रज्ञान कायद्यात बदल केले. त्यातूनच ६६-अ हे कलम निघालं. त्रासदायक, उपद्रवी, अपमानकारक मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास कुणाला, किती, याची व्याख्याच नाही. गावच्या भांडणात असं शस्त्र हाती आलं तर काय होईल, हे समजायला वकील लागत नाही.

एप्रिल २०११ मध्ये सायबर कॅफेचे नियम आले. ओळखपत्र पाहिल्याशिवाय बसू द्यायचं नाही, त्याची प्रत ठेवायची, नोंदवहीत नाव-पत्ता-वेळ-संगणक क्रमांक लिहायचा, ती वही वर्षभर जपायची. संगणकांमधली आडोशाची फळी साडेचार फुटांपेक्षा उंच नको आणि आडोशाबाहेरच्या संगणकांच्या पडद्याचं तोंड बाहेरच्या बाजूला हवं. मित्राने सुतार बोलावला. प्लायवूड आरीने कापताना भुसा कीबोर्डमध्ये गेला, तो शेवटपर्यंत निघाला नाही. तेव्हापासून वरठीच्या कारखान्यातल्या पोराची कामाची अर्जविनंती, नवविवाहितेचं माहेरच्या भावाला पत्र, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येऊ लागलं. एक शिपाई अधूनमधून यायचा, वही चाळायचा, चहा प्यायचा. त्याला अतिरेकी सापडला नाही. कोणती मुलगी कधी आली आणि शेजारच्या खुर्चीवर कोण होतं, हे मात्र गावाला त्याच्याकडून कळायचं. आणि दुकान पुढे बंद पडलं तेव्हा ती वह्यांची चवड आणि ओळखपत्रांच्या झेरॉक्स रद्दीत गेल्या. भज्यांच्या पुडीवर कुणाचं तरी मतदार ओळखपत्र, फोटोवर तेलाचा डाग, मी स्वतः पाहिलं आहे.

२०१२ हे वर्ष मी नावे टाकून ठेवलं आहे. जानेवारीत महाराष्ट्र शासनाने नियम केला, माहितीचा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांत. ज्या माणसाला अर्जाची सुरुवात ‘मी गरीब शेतकरी’पासून करायची सवय, त्याचे दीडशे शब्द तिथेच संपायचे. ३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाचा गिरीश देशपांडे खटल्यातला निकाल आला. प्रकरण आपल्याच विदर्भातलं. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात पूर्वी असलेल्या अधिकाऱ्याला मिळालेल्या नोटिसा, त्याची मालमत्ता, याची माहिती मागितली होती. न्यायालय म्हणालं, ही वैयक्तिक बाब. बाबूंनी या निकालाच्या झेरॉक्स काढून टेबलाच्या काचेखाली ठेवल्या. म्हणजे दार २०२५ मध्ये एकदम बंद झालं असं नाही. तेरा वर्षं ते ढकलणं चालूच होतं. आणि नोव्हेंबरात, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून पालघरच्या एका तरुणीला अटक झाली. त्या ओळींना लाइक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीलाही. महिनाभर कॅफेत येणारी पोरं लाइकच्या बटणाला हात लावत नव्हती. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६६-अ रद्द केलं. त्या संध्याकाळी आम्ही मित्राच्या दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाइकांना कारण समजलं नाही, पेढे सगळ्यांनी घेतले.

आधारचं सांगायचं राहिलं. खैरलांजीला बरोबर चार वर्षं झाली त्याच तारखेला, २९ सप्टेंबर २०१० रोजी, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. आमच्याकडे शिबिरं लागली तेव्हा रोवणी करून करून झिजलेल्या आणि विडी वळून गुळगुळीत झालेल्या बोटांचे ठसे मशीन घेईना. “घासा, पदराला घासा,” चालक ओरडायचा. बाया घासत राहायच्या. हे ऐच्छिक आहे, असं तेव्हा कागदावर लिहिलेलं होतं.

दशक संपलं, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. पुढचं सगळं वर्तमानपत्रात आहेच, धावतं सांगतो. मे २०१७ मध्ये बंगळुरूच्या एका संशोधन संस्थेने दाखवून दिलं की रोजगार हमीसह चार सरकारी संकेतस्थळांवरून तेरा कोटींच्या आसपास आधार क्रमांक उघडे पडले आहेत. त्याच ऑगस्टात नऊ न्यायाधीशांनी एकमुखाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. टाळ्या आम्हीही वाजवल्या. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पोरं पळवणारे समजून पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचलं, अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरची. त्यानंतर फॉरवर्डला पाचांची मर्यादा आली. २०१९ च्या ऑक्टोबरात व्हॉट्सअ‍ॅपने ज्यांना ‘तुमच्या फोनमध्ये पेगॅसस हे पाळतीचं सॉफ्टवेअर घुसवण्याचा प्रयत्न झाला’ असं कळवलं, त्यांत खैरलांजीवर पुस्तक लिहिणारे आनंद तेलतुंबडे होते, नागपूरचे वकील निहालसिंग राठोडही होते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने २०२२ मध्ये सांगितलं, सरकारने सहकार्य केलं नाही. आमच्या तालुक्यावर लिहिलेला माणूस कुणाच्या तरी पडद्यावर होता. कुणाच्या, ही बहुधा वैयक्तिक माहिती असावी.

आणि आज? धान विकायचं तर पोर्टलवर सातबारा, आधार, पासबुक आणि लाइव्ह फोटो. अंगणवाडीतल्या पोषण आहारासाठी चेहऱ्याची ओळख. सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सक्तीची झाली. बाईचा आधार पुरेना, नवऱ्याचा किंवा बापाचा आधार आणि त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी हवा. सेवा केंद्राबाहेरच्या रांगेत एका बाईने विचारलं, “माह्या मालकाले जाऊन सहा वर्सं झाली जी, ओटीपी कोन देईन?” पुढे शासनाला अशा बायांसाठी वेगळी सोय करावी लागली. तोवर रांगेतली प्रत्येक बाई सहा आकडे मोठ्यांदा ओरडून सांगत होती, कारण आत प्रिंटरच्या आवाजात ऐकू जात नव्हतं.

अशा बाईसाठी डेटा संरक्षणाचा कायदा झाला, असं म्हणतात. तो वाचा. अनुदान आणि सवलतींसाठी सरकारला तुमची संमती लागत नाही. सरकारी यंत्रणांना त्यातून वगळण्याची सोय आहे. माहिती कशासाठी घेताय हे सांगण्याचं बंधन, ती फुटली तर कळवण्याचं बंधन, ही सारी कलमं नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू व्हायची आहेत. माहितीचा अधिकार कापणारं कलम मात्र पहिल्याच दिवशी.

आमच्या धंद्याचंही ऐका. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ मध्ये दिलेल्या मसुद्यात पत्रकारितेला सवलत होती. २०१९ च्या विधेयकातही होती. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ती नाही. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये. माझ्याकडे सध्या एका गावची घरकुलाची यादी आहे, तीत दुमजली घरवाल्यांची नावं आहेत. संपादकांना फोन केला. ते म्हणाले, “बातमी चांगली आहे हो, पण नावं काढा. गावाचंही नको. ‘तालुक्यातील एका गावात काही लाभार्थ्यांना’ असं लिहा.” तशी लिहून पाठवली. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात छापून आली.