विश्लेषण : अंतिम यादीत चौघीही महिला, मग विजेती ठरली कशी? १९९७ च्या टर्नर पुरस्काराची निवड आजही का चर्चिली जाते?

महिला दिन जवळ आला की शहरोशहरी महिला चित्रकारांची प्रदर्शने भरतात. परीक्षक दालनातून एक फेरी मारतात, कागदावर काहीतरी टिपतात आणि संध्याकाळी एक नाव जाहीर होते. मधल्या वेळेत नेमके काय घडते, हे सहसा बाहेर येत नाही. ब्रिटनच्या टर्नर पुरस्काराच्या अंतिम यादीत १९९७ मध्ये चारही महिला होत्या, तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला.

टर्नर पुरस्काराची निवड कशी होते?

चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर यांच्या नावाचा हा पुरस्कार १९८४ पासून दिला जातो. लंडनची टेट ही संस्था त्याचे आयोजन करते. परीक्षक वर्षभरातील प्रदर्शने पाहून चार कलावंतांची यादी करतात, त्या चौघांच्या कलाकृती एकत्र मांडल्या जातात आणि मग विजेता ठरतो. १९९७ मध्ये बक्षिसाची रक्कम २० हजार पौंड होती.

यात एक गंमत आहे. त्या काळच्या नियमानुसार पुरस्कार होता तो आदल्या वर्षभरात कलावंताने केलेल्या कामगिरीसाठी; टेटमधल्या मांडणीसाठी नव्हे. म्हणजे प्रेक्षक तिकीट काढून जे पाहतात आणि ज्यावरून वाद घालतात, त्यावर निकाल अवलंबून नसतो. समोर मांडलेले काम नजरेआड करून परीक्षकांनी सहा-आठ महिन्यांपूर्वी पाहिलेले आठवायचे, हे कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात किती जमत असेल?

यादीवर वाद का झाला?

१९८४ ते १९९६ या काळात (१९९० मध्ये पुरस्कार दिलाच गेला नाही) एकच महिला विजेती ठरली होती, १९९३ मध्ये रेचल व्हाइटरीड. १९९६ च्या यादीत तर चारही पुरुष होते आणि त्यावर टीका झाली. पुढच्याच वर्षी चारही महिला आल्यावर ‘ही भरपाई आहे का’ अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक होते. पण अशा शंकेचा भुर्दंड कलावंतालाच बसतो. जिंकली तर ‘महिला म्हणून’, आणि हरली तर ‘महिलांतही नाही’.

चौघींची तुलना कशी करायची?

खरी अडचण इथे होती. क्रिस्टीन बोरलंड यांनी मानवी सांगाड्याच्या अवशेषांवरून, न्यायवैद्यक तज्ज्ञांच्या मदतीने, त्या अनामिक व्यक्तीची ओळख पुन्हा उभी करण्याचे काम केले होते. अँजेला बुलोक यांच्या कलाकृती प्रेक्षकाच्या हालचालीला प्रतिसाद देत. कॉर्नेलिया पार्कर यांनी अमेरिकेतील टेक्सासमध्ये वीज पडून जळालेल्या चर्चचे कोळसे तारांनी हवेत टांगले होते. आणि जिलियन वेअरिंग यांची होती दृश्यफीत, ‘सिक्स्टी मिनिट्स सायलेन्स’. पोलिसांच्या गणवेशातील २६ जण समूहछायाचित्रासाठी बसावे तसे तासभर स्थिर राहतात. आधी वाटते, फोटोच आहे. मग कुणी नाक खाजवतो, कुणी पाय बदलतो. तास संपताच एकजण सुटकेची आरोळी ठोकतो. वर्दीतला अधिकार हळूहळू अवघडत जाताना दिसतो.

सांगाडा, यंत्र, कोळसा आणि दृश्यफीत. यांना एकच मोजपट्टी लावणार कशी?

गुण द्यावेत की चर्चा करावी?

आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धांत परीक्षक गुण देतात आणि बेरीज होते. पद्धत सोपी, पारदर्शकही वाटते. पण एक काल्पनिक उदाहरण पाहा. पाच परीक्षक, प्रत्येकी दहा गुण. पहिल्या चित्राला सगळ्यांनी सात-सात दिले, बेरीज ३५. दुसऱ्याला १०, १०, ९, ३ आणि २, बेरीज ३४. जिंकले पहिले. जे चित्र कुणालाच खटकले नाही आणि कुणालाच भारावून टाकू शकले नाही, ते. सरासरी काढली की टोके बोथट होतात, हे गणित आहे. त्यात परीक्षकांची लबाडी असावी लागत नाही.

चर्चेने निवड केली तर दहा गुण देणाऱ्याला आपली बाजू मांडता येते आणि दोन गुण देणाऱ्याला आक्षेप सांगावा लागतो. धोका एवढाच की खोलीतला सर्वांत ज्येष्ठ किंवा सर्वांत मोठ्या आवाजाचा माणूस निकाल फिरवू शकतो. म्हणून आधी प्रत्येकाने आपली पसंती लिहून द्यावी आणि मग बोलावे, हा मार्ग बरा.

नावे झाकली तर?

वॉशिंग्टनमधील व्हिएतनाम युद्धस्मारकाच्या १९८१ च्या स्पर्धेत १,४२१ प्रवेशिका क्रमांकाने तपासल्या गेल्या. १,०२६ क्रमांकाची प्रवेशिका निवडली गेली आणि ती निघाली २१ वर्षांच्या विद्यार्थिनीची, माया लिन यांची. नाव दिसले असते तर काय झाले असते, याचा अंदाज नंतर त्यांच्यावर झालेल्या टीकेवरून करता येतो. शहरातल्या छोट्या प्रदर्शनात मात्र हा उपाय तोकडा पडतो. परीक्षक कलाशिक्षक असतात, स्पर्धक कधी त्यांच्याच माजी विद्यार्थिनी. सही झाकली तरी हात ओळखू येतो. तिथे परीक्षकाने त्या चित्रापुरते बाजूला होणे, एवढेच करता येते.

कलावंताला नकाराचा हक्क आहे का?

अमृता शेरगिल यांनी तो वापरला. १९३५ मध्ये सिमल्याच्या कलासंस्थेने त्यांची काही चित्रे नाकारली आणि दुसऱ्या एका चित्राला बक्षीस दिले. संस्थेला रुचणाऱ्या शैलीत काम करणाऱ्यालाच ते द्यावे, अशा आशयाचे पत्र लिहून त्यांनी बक्षीस परत केले. दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांच्या तीन मुलींच्या चित्राला सुवर्णपदक दिले. चित्रकार तीच, परीक्षक वेगळे.

मग टर्नरचे पुढे काय झाले?

१९९७ चा पुरस्कार जिलियन वेअरिंग यांना मिळाला. त्यानंतर १९९८ ते २००५ असे सलग आठ विजेते पुरुष होते. पुढची महिला विजेती, टॉमा ॲब्ट्स, २००६ मध्ये ठरली.