नळ घराचा, पाणी गावाचे

भुसावळहून खंडव्याकडे जाणारी आगगाडी तापी ओलांडते आणि डाव्या हाताला सातपुड्याची निळसर रांग घेऊन धावू लागते. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा असतात. रावेर मागे पडते, थोड्या वेळाने बऱ्हाणपूर येते. मधे कोठेतरी महाराष्ट्राची सीमा संपून मध्य प्रदेशाची सुरू झालेली असते, परंतु केळीकडे पाहून ती ओळखता येत नाही. विहिरींकडे पाहूनही येत नाही, कारण पायाखालचा पाण्याचा थर दोन्हींकडे एकाच डोंगराने भरलेला आहे.

या गावाचे आणि पाण्याचे नाते जुने आहे. फारुकी सुलतानांनी ज्या सूफी संताच्या नावावरून हे नगर वसविले, ते बुऱ्हाणुद्दीन गरीब आपल्या खुलदाबादेस चिरविश्रांती घेत आहेत. पुढे मोगलांच्या अमदानीत हे दख्खनच्या सुभ्याचे ठाणे झाले, सैन्याचे तळ पडू लागले, वस्ती वाढली. तापी उशाशी असूनही पिण्याच्या पाण्याची ओढ लागली, तेव्हा 1615 च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान येथे असताना, तबकुतुल अर्झ नावाच्या इराणी जाणकाराकडून भूमिगत जलयोजना करवून घेण्यात आली. सातपुड्याच्या उतारावरून झिरपत तापीकडे निघालेले पाणी वाटेतच अडवावयाचे, ठरावीक अंतरावर खणलेल्या खोल कुंड्यांत ते गोळा करावयाचे आणि त्या कुंड्या आतून भुयाराने जोडून केवळ उताराच्या बळावर ते शहरात आणावयाचे, अशी तिची रचना. मोट नाही, रहाट नाही, आणि अर्थातच विजेचे बिल नाही! कुंडी भंडारा अथवा खुनी भंडारा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शाखेत शंभराहून अधिक कुंड्या असून तिचे पाणी आजही वाहते आहे. 2024 साली जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत तिचे नाव दाखल झाले.

हे सारे सांगण्याचे कारण निराळे आहे. त्याच बऱ्हाणपूर जिल्ह्याने 2022 सालच्या जुलैत दुसरा एक मान मिळविला. घरोघर नळाचे पाणी पोहोचल्याचे प्रमाणपत्र मिळविणारा तो देशातील पहिला जिल्हा ठरला. 15 ऑगस्ट 2019 रोजी जल जीवन मिशनचा आरंभ झाला, त्या वेळी येथील ग्रामीण भागातील 1,01,905 घरांपैकी 37,241 घरांत, म्हणजे शेकडा 37 हूनही कमी घरांत नळ होते. सुमारे चौतीस महिन्यांत उरलेली चौसष्ट हजारांवर घरे जोडली गेली. आणि हे प्रमाणपत्र कोणा अधिकाऱ्याने कचेरीत बसून दिलेले नव्हते. सर्व 254 गावांच्या ग्रामसभांनी ‘आमच्या गावात एकही घर सुटलेले नाही’ असा ठराव केला, तेव्हा ते पुरे झाले.

नळ बसविणे हे कंत्राटदाराचे काम आहे. पैसा असला की ते होते. नळ चालू ठेवणे हे मात्र कंत्राटदाराचे काम नव्हे, आणि आपल्याकडील पाणीयोजना बसतात त्या नेमक्या येथेच. उद्घाटनाच्या दिवशी पाणी येते. वर्षाने पंप बिघडतो, दुरुस्तीस चारशे रुपये लागतात आणि ते कोणी द्यावयाचे हे ठरलेले नसते. मग टाकी कोरडी राहते आणि बायका पुन्हा जुन्या विहिरीची वाट धरतात. विदर्भात आणि खानदेशात अशा कोरड्या टाक्या ज्याने पाहिल्या नाहीत असा प्रवासी विरळा.

यासाठी बऱ्हाणपूरच्या प्रत्येक गावात ग्राम जल व स्वच्छता समिती नेमण्यात आली. या समित्यांच्या रचनेचा देशभरचा नियम असा की सभासद दहा ते पंधरा असावेत, त्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, पंचायतीचे निवडून आलेले सभासद चौथाईहून अधिक नसावेत आणि दुर्बल घटकांना चौथाई जागा मिळाव्यात. समितीने घरटी पाणीपट्टी गोळा करावयाची, ती बँकेतील खात्यात ठेवावयाची आणि त्यातून पंप चालविणाऱ्याचे मानधन व किरकोळ दुरुस्त्या भागवावयाच्या. दिसावयास ही व्यवस्था अगदी साधी आहे. परंतु पाण्याला पैसे मोजावयाचे म्हटले की खेड्यात कपाळाला आठ्या पडतात. पाणी देवाचे, त्याची पट्टी कसली, हा प्रश्न ऐकू येतोच. त्याचे उत्तर शेजारच्या आळीतील बाई जितके पटवून देऊ शकते तितके तालुक्याहून आलेला साहेब देऊ शकत नाही. पाणी देवाचे खरे, पण वॉशर बाजारातून आणावा लागतो, हे तिच्या तोंडून ऐकले म्हणजे चिडावयासही कोणी उरत नाही.

दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. या जिल्ह्यातील प्रत्येक गावी निदान तीन स्त्रियांना पाणी तपासण्याचे शिक्षण देण्यात आले. त्यांच्या हाती एक छोटी पेटी असते. तीतील द्रावणे पाण्यात टाकून रंग कसा बदलतो ते तक्त्याशी ताडून पाहावयाचे. क्षार किती, फ्लोराइड किती, नायट्रेट किती, क्लोरीन उरला आहे की नाही, याचा अंदाज घरच्या ओट्यावर मिळतो. एका बाटलीत पाणी भरून ठेवले आणि दिवसादोन दिवसांत ते काळे पडले, तर त्यात मलजंतू शिरले आहेत असे समजावे. ज्या स्त्रीने ती काळी पडलेली बाटली आपल्या डोळ्यांनी पाहिली, तिला पाणी उकळून प्या अशी भिंतीवरची पाटी वाचून दाखविण्याची आवश्यकता राहत नाही.

आता नळामुळेच उभा राहिलेला एक प्रश्न पाहू. माणशी रोज पंचावन्न लिटर, हे या योजनेचे माप आहे. पाच माणसांच्या घरात 275 लिटर येतात आणि त्यांतील सुमारे चार पंचमांश, म्हणजे दोनशे लिटरांहून अधिक, सांडपाणी होऊन मोरीतून बाहेर पडतात. हंडा डोक्यावरून आणावा लागे तेव्हा तांदूळ धुतलेले पाणी गुरांना, भांड्यांचे पाणी कर्दळीला, असा एकेका तांब्याचा हिशेब असे. तो हिशेब कोणी शिकविला नव्हता, मानेच्या दुखण्याने शिकविला होता. नळ आला, मान सुटली हे फार चांगले झाले. पण हिशेबही सुटला, आणि ते पाणी आता गल्लीत साचून डास पोसते.

उपाय अवघड नाही. मोरीच्या पाण्याच्या वाटेवर सुमारे मीटरभर लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा, तो दगडगोट्यांनी भरावा, आणि गाळ व खरकटे अडविण्यासाठी आधी एक छोटे भांडे किंवा कुंडी बसवावी. झाला शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी गावाने घरोघर असे खड्डे करून डासांचा उपद्रव घालविला, आणि पुढे त्या पद्धतीला जिल्ह्याचेच नाव मिळाले. यातील मर्म ‘घरोघर’ या शब्दात आहे. दहा घरांनी खड्डे केले आणि अकराव्याने केला नाही, तर अकराव्याचे डास दहाही घरांत येतात. एकट्याने करून पुरे पडत नाही असे हे काम आहे. म्हणूनच बचत गटाच्या बैठकीत, जेथे प्रत्येकीला दुसरीची मोरी ठाऊक असते, तेथे ते चटकन तडीस जाते. जागा असेल तेथे खड्ड्याऐवजी परसबाग करावी. चार वांगी, दोन मिरच्या आणि एक केळ त्या पाण्यावर सहज जगतात.

केळीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. केळीला एकदाच घड येतो, मग खोड तोडावे लागते, आणि एकेका बागेत अशा खोडांचा ढीग पडतो. बऱ्हाणपूरच्या बचत गटांतील स्त्रिया त्या खोडाचा धागा काढून टोप्या, पिशव्या यांसारख्या वस्तू करू लागल्या आहेत. मिळकत सर्वांना सारखी होते असे नाही, पण कचरा म्हणून बांधावर कुजणारे खोड घरात चार पैसे आणते, हे काही थोडे नाही.

मात्र केळीचे दुसरे अंगही सांगितले पाहिजे. ती तहानलेली बाग आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोट्यांचे व वाळूचे जाड थर आहेत. पाणी मुरण्यास यासारखी जमीन नाही. तरीही यावल-रावेरकडील पट्ट्यात भरणापेक्षा उपसा अधिक झाल्याने विहिरी खोल खोल गेल्या. घराच्या नळाचे पाणी आणि बागेच्या ठिबकचे पाणी शेवटी एकाच थरातून येते. पाणी-समितीने पट्टी चोख गोळा केली, पेटीतले तपासही नियमाने केले, पण शेजारच्या शेतात दहावी कूपनलिका खोदली गेली तर ती काय करणार? तापीच्या पुराचे पाणी या थरांत मुरविण्याच्या मोठ्या योजनेवर दोन्ही राज्यांनी 10 मे 2025 रोजी भोपाळ येथे सह्या केल्या. ती पुरी होईल तेव्हा होईल. तोवर उपशाचा प्रश्न गावालाच सोडवावा लागणार.

हे गावाला जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी थोडे पश्चिमेकडे पाहावे. धुळे-नंदुरबारकडे पांझरेसारख्या नद्यांवर फड पद्धती शतकानुशतके चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटावयाची, एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पाणी पाटकऱ्याने द्यावयाचे, जागल्याने राखावयाचे आणि कोणी स्वतःच्या हाताने पाट फोडावयाचा नाही. अलीकडच्या काळात नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून, यंदा कोणते पीक घ्यावे हे ग्रामसभेत ठरविण्याचा पायंडा पाडला. शेतीसाठी कूपनलिका नको, हेही तेथे गावानेच ठरविले. सामाईक साधनसंपत्ती तिचे वापरणारे लोक स्वतः नियम करून नीट सांभाळू शकतात, हे जगभरच्या उदाहरणांवरून मांडणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषींना 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. फडाच्या पाटकऱ्याला त्यात नवल वाटले नसते.

बऱ्हाणपूरच्या 254 समित्यांपुढे आता हा दुसरा ताळेबंद आहे. घराच्या नळाचा हिशेब त्यांच्या खातेवहीत आहे. बागेच्या पाण्याचा हिशेब त्याच वहीच्या पुढच्या पानावर लिहावयाचा की नाही, हे ग्रामसभेला ठरवावयाचे आहे, आणि त्या सभेत बहुतेक सर्वांच्याच केळीच्या बागा आहेत.