साडेपाच मिनिटांचा हिशेब

अग्निवीर भरतीच्या मैदानी चाचणीत १.६ किलोमीटरची दौड असते. ५ मिनिटे ३० सेकंदांच्या आत पोचणाऱ्याला ६० गुण, आणि त्यानंतरच्या १५ सेकंदांत येणाऱ्याला ४८. म्हणजे बारा गुण एवढ्याशा फरकावर टांगलेले. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या निघालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात, पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांत, भल्या पहाटे मैदानावर नाहीतर डांबरी रस्त्याच्या कडेने पोरं धावत असतात ती याच पंधरा सेकंदांच्या मागे. त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो. ‘टायमिंग किती येऊन राहिला?’ ‘पाच-चाळीस.’ मग पुढचा प्रश्न ठरलेला: कोणत्या घड्याळात?

हा प्रश्न रास्त आहे. बाजारात रबरी पट्ट्याचे साधे डिजिटल घड्याळ दोन-चारशे रुपयांना मिळते. त्याच्याच शेजारी, थोड्या जास्त पैशांत, रंगीत पडद्याचा ‘स्मार्ट’ बँड असतो. तो नाडी, पावले, कॅलरी, झोप आणि रक्तातला ऑक्सिजन असे सगळेच दाखवतो. साध्या घड्याळात वेळ, गजर आणि स्टॉपवॉच, बस. बापाच्या खिशाकडे पाहून घेतलेल्या या साध्या घड्याळावर पोराचा विश्वास मात्र कमी असतो. स्वस्त आहे, म्हणजे चुकत असणारच.

वेळेच्या बाबतीत तसे नाही. घड्याळाच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढ्या डबीत क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीच्याच जातीचा, एक चिमट्यासारखा स्फटिक असतो. त्याला वीज दिली की तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे, कारण त्याला पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर १ उरतो. निम्मे करत जाणे हे चिपचे सर्वांत सोपे काम, आणि त्यातून एक सेकंद तयार होतो. सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला काढले, तेव्हा त्याची किंमत साडेचार लाख येन होती, तिथल्या एका छोट्या मोटारीएवढी. आज तेच तत्त्व आठवडी बाजारात गोधडीवर मांडलेल्या घड्याळात असते. स्फटिक कापण्याचे आणि चिप छापण्याचे तंत्र इतके स्वस्त झाले की किमतीतला फरक पट्टा, काच, ठप्पा आणि नाव यांत उरला.

आता चूक किती, ते मोजू. कॅसिओचे एफ-९१डब्ल्यू हे १९८९ पासून विकले जाणारे आणि या वर्गातले सर्वांत ओळखीचे घड्याळ. त्याची कंपनीने सांगितलेली अचूकता महिन्याला ३० सेकंद मागेपुढे, इतकीच आहे. ऐकायला ढिसाळ वाटते. पण महिन्यात सुमारे २६ लाख सेकंद असतात. तीस सेकंदांची ही चूक साडेपाच मिनिटांवर वाटली, तर वाट्याला येतात सेकंदाच्या हजार भागांतले चार. उन्हाळ्याचा हिशेबही जोडून घ्या. हा स्फटिक २५ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वांत नेमका चालतो. त्याहून गरम झाला काय किंवा गार झाला काय, तो मंदावतोच. मे महिन्यात ४५ अंशांत टिनाच्या छपराखाली ठेवलेले घड्याळ दिवसाला साधारण सव्वा सेकंद मागे पडेल. मनगटावर असेल तर कातडीची ऊब त्याला एका तापमानाला धरून ठेवते, म्हणून हातात घातलेले घड्याळ खुंटीवरच्यापेक्षा बरे चालते. दौडीपुरते पाहिले तर उन्हाने पडणारा फरकही हजारांशाच्या घरातला आहे.

खरी गोची अंगठ्याची आहे. दौड सुरू करणाऱ्याची शिट्टी ऐकून किंवा त्याचा हात खाली पडलेला पाहून बटण दाबेपर्यंत माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. शेवटच्या रेषेवर मात्र धावणारा येताना दिसत असतो, म्हणून वेळ मोजणारा दोस्त अंदाजाने बरोबर क्षणी बटण दाबतो. सुरुवातीला उशीर आणि शेवटी नाही, त्यामुळे हाताने घेतलेली वेळ नेहमी खऱ्यापेक्षा कमी, म्हणजे खूश करणारी येते. ॲथलेटिक्सवाल्यांना हे चांगले ठाऊक आहे. १०० आणि २०० मीटरच्या हाताने घेतलेल्या वेळेची विजेच्या यंत्राशी तुलना करायची तर तिच्यात ०.२४ सेकंद मिळवतात, आणि १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींचा विश्वविक्रम फक्त यंत्राच्या वेळेवरच धरला जातो. म्हणून पडद्यावर ५:३१.४७ आले, तर त्यातल्या सत्तेचाळीसकडे बघूच नये. घड्याळ तो आकडा खरा दाखवते, पण मोजणाऱ्याच्या बोटाला तेवढी नजर नसते. १०० मीटरच्या धावेत दोस्त शेवटाला उभा असेल, तर शिट्टीचा आवाज त्याच्यापर्यंत यायलाच ०.३ सेकंद लागतात. शिट्टी ऐकून नव्हे, हात पडलेला पाहून बटण दाबावे.

अंगठ्याहून मोठा चोर पायाखाली असतो. गावातले मैदान ‘दोनशेचा राऊंड’ म्हणून ओळखले जाते. तो दोनशे कुणी मोजला? समजा राऊंड १९५ मीटरचा निघाला. आठ राऊंडमध्ये ४० मीटर कमी धावणे झाले, आणि साडेपाच मिनिटांच्या गतीने ४० मीटरला आठ सेकंद लागतात. गावात ५:३० काढणारा मुलगा भरतीच्या मैदानावर ५:३८ ला पोचतो, गुण जातात, आणि दोष मिळतो दोनशे रुपयांच्या घड्याळाला. चारशे मीटरच्या आखीव ट्रॅकवरही दुसऱ्या लेनमधून धावले की प्रत्येक फेरीला सात मीटरहून जास्त अंतर वाढते.

उपाय सायकलीचा आहे. पुढच्या चाकाच्या टायरवर खडूची खूण करा, चाक एक पूर्ण फेरा फिरवून जमिनीवरचे अंतर टेपने मोजा. हवा भरून घ्या आणि मोजमाप होईस्तोवर तीच ठेवा. मग आतल्या कडेपासून वीतभर अंतर राखून सायकल ढकलत राऊंड घाला आणि चाकाचे फेरे मोजा. जगभरच्या मोठ्या रोड-रेसचे अंतरही सायकलीच्या चाकावर गणक लावूनच प्रमाणित होते, त्यामुळे यात कमीपणा वाटायचे कारण नाही.

स्मार्ट बँडची गोष्ट इथे येते, कारण ‘तो अंतरही सांगतो’ हे त्याचे मोठे आकर्षण. स्वस्त बँडमध्ये बहुधा जीपीएस नसते. हाताच्या हेलकाव्यावरून तो पावले मोजतो आणि तुम्ही भरलेल्या उंचीवरून पावलाची लांबी गृहीत धरून गुणाकार करतो. जामसावळीच्या हनुमानाला पायी जाणाऱ्याला तो अंदाज चालून जातो. पंधरा सेकंदांच्या मागे लागलेल्याला चालत नाही, कारण जोरात धावताना पाऊल लांबते आणि थकल्यावर आखडते.

नाडीचेही तसेच. बँडच्या पाठीचा हिरवा दिवा कातडीवर पडतो, रक्त तो प्रकाश शोषते, आणि परत येणाऱ्या प्रकाशाच्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. माणूस शांत बसला असेल आणि पट्टा घट्ट असेल तर हे काम ठीक होते. धावताना पट्टा हलतो, घाम येतो, आणि कधी कधी बँड ठोक्यांऐवजी पावलांचीच लय पकडतो. धावणाऱ्याची पावले मिनिटाला १६० ते १८० पडतात आणि जोराच्या नाडीचा आकडाही तिथेच असतो, त्यामुळे चूक लक्षातसुद्धा येत नाही. मनगटावर गोंदण असेल तर शाईच प्रकाश अडवते. काही बँडांनी केळ्याला आणि कागदाच्या गुंडाळीलाही नाडी दाखवली आहे. आपल्याकडे संत्रे स्वस्त आहे, घेण्यापूर्वी दुकानातच बांधून पाहायला हरकत नाही. सुई न टोचता साखर सांगणारे घड्याळ तर घेऊच नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट सांगितले की असे एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. साखर चुकीची कळली तर इन्सुलिनचा डोसही चुकतो.

साध्या घड्याळाने नाडी मोजता येते, आणि चांगली येते. दौड संपताच दोन बोटे मनगटावर ठेवा, पंधरा सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. एक ठोका चुकला तर उत्तर चारने चुकते. उशीर करू नका, थांबल्यावर नाडी झपाट्याने उतरते.

साध्या घड्याळाचे तोटे दुसरीकडे आहेत. एफ-९१डब्ल्यूमध्ये राऊंडच्या वेळा साठत नाहीत. डावीकडचे वरचे बटण दाबले की आकडा थांबतो, आत मोजणी चालू राहते, पुन्हा दाबले की पडदा चालत्या वेळेवर येतो. थांबलेला आकडा धावता धावता वाचून लक्षात ठेवायचा. ५:३० साठी ४०० मीटरची प्रत्येक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत यायला हवी, आणि तिसऱ्या फेरीला दम लागल्यावर आधीचे दोन आकडे डोक्यात राहत नाहीत. त्यापेक्षा रेषेवरच्या दोस्ताने ओरडून सांगावे. दिवाही असा मिणमिणता की पहाटेच्या अंधारात अर्धे आकडे चाचपावे लागतात. स्टॉपवॉच एका तासाच्या पुढे मोजत नाही.

‘वॉटर रेझिस्ट’ या शब्दांना तर पुष्कळ जण फसतात. घाम, पाऊस, हात धुणे एवढ्यापुरतेच ते खरे. घड्याळ घालून जाम नदीच्या डोहात सूर मारायचा नाही आणि पाण्यात बटण दाबायचे नाही, कारण बटणाच्या दांडीभोवतीची रबरी कडी दाबताच जागची हलते. भर उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवलेल्या घड्याळाचा पडदा काळा पडतो, पण सावलीत आणल्यावर बहुधा पूर्ववत होतो. पट्टा मात्र घामाने आणि उन्हाने कडक होऊन काही वर्षांत भोकाशी तुटतो. नवा पट्टा मिळतो, तो घ्यावा.

सेलचे गणित पाहून मला अजूनही मौज वाटते. एफ-९१डब्ल्यूमधला नाण्याएवढा सीआर-२०१६ सेल साधारण ९० मिलिअँपियर-तासांचा, आणि कंपनी तो सात वर्षे पुरतो म्हणते. म्हणजे घड्याळाची भूक सरासरी दीड मायक्रोअँपियर. बँडला आठवड्याला चार्जर लागतो. सेल बदलताना दुकानदाराने झाकणाखालची रबरी कडी पुन्हा नीट बसवली का, हे उभे राहून बघा. ती वाकडी बसली तर पहिल्याच पावसात काचेच्या आत वाफ धरते. जुना सेल मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर काही तासांत अन्ननलिका जळते.

नकली माल भरपूर आहे. अस्सल एफ-९१डब्ल्यूचे उजवे बटण तीन-चार सेकंद दाबून धरले की पडद्यावर कंपनीचे नाव उमटते. नकली करणाऱ्यांनीही ही युक्ती उचलली आहे, त्यामुळे नाव उमटले म्हणजे अस्सलच असे नाही, पण नाही उमटले तर नकली नक्की. आणि तरीही, शंभर-दीडशे रुपयांच्या त्या नकली घड्याळातसुद्धा क्वार्ट्झचा स्फटिकच असतो. फोनच्या वेळेशी लावून आठवडाभराने ताडून पाहा. पाच-दहा सेकंदांचा फरक असेल तर दौडीला ते पुरते. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर मात्र भरवसा ठेवू नका, तेही सायकलीने मोजून घ्या.