दोनदा सापडलेला, दोनदा हरवलेला ग्रह

कादंबरीत वर्णिलेले गाव कोणी नकाशात शोधू लागला, तर आपण त्याला हसू. परंतु एका कथेतील ग्रह मोठमोठ्या विद्वानांनी दुर्बिणी लावून आकाशात शोधला, आणि काही वर्षे तो सापडल्यासारखाही वाटला. वाचकहो, त्या ग्रहाची ही हकीकत.

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू झाली. तिचे जनक जीन रॉडनबेरी. अवकाशयानातून परक्या ग्रहांची यात्रा करणाऱ्या मंडळींची ही कथा. तीत लोकांच्या मनात कायमचा ठसला तो टोकदार कानांचा मिस्टर स्पॉक. नट लेनर्ड निमॉय यांनी ही भूमिका साकारली. स्पॉकची माता पृथ्वीवरची, पिता व्हल्कन नावाच्या ग्रहाचा. व्हल्कनचे लोक भावनांना लगाम घालतात आणि तर्काला मानतात.

पण हा व्हल्कन कोणत्या सूर्याभोवती फिरतो? मालिकेच्या कथा पुस्तकरूपाने लिहिणाऱ्या जेम्स ब्लिश यांनी १९६८ साली ‘४० एरिडानी’ या ताऱ्याचे नाव सुचविले. १९९१ साली रॉडनबेरी आणि तीन खगोलशास्त्रज्ञ यांनी एका नियतकालिकास पत्र लिहून त्याला दुजोरा दिला. दुसरा एक तारा स्पर्धेत होता. पण तो अवघा शंभर कोटी वर्षांचा. ४० एरिडानीचे वय त्यांनी चारशे कोटी वर्षे मानले होते. बुद्धिमान जीव घडण्यास तेवढा अवधी हवा, असे त्यांचे म्हणणे.

हा तारा खराखुरा आहे. हिवाळ्यातील काळोख्या रात्री, मृग नक्षत्रातील राजन्य ताऱ्याच्या पश्चिमेस, तो नुसत्या डोळ्यांनाही अंधूक दिसतो. त्याचे अंतर सुमारे १६ प्रकाशवर्षे. म्हणजे आज तेथून निघालेला प्रकाश येथे पोचेतो, आज पाळण्यात असलेल्या मुलाला मिसरूड फुटू लागलेले असेल.

२०१८ साली फ्लोरिडा विद्यापीठातील संशोधकांनी जाहीर केले की, या ताऱ्याभोवती ४२ दिवसांत प्रदक्षिणा करणारा, पृथ्वीच्या सुमारे आठपट वस्तुमानाचा ग्रह असावा. तो कोणी डोळ्यांनी पाहिला नव्हता. दोरीला बांधलेली घागर गरगर फिरविणारा माणूस स्वतःही किंचित डुलतो. त्याप्रमाणे ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो आणि त्याच्या प्रकाशात बारीक फरक पडतो. तो फरक त्यांनी मोजला होता. तारा स्वतःभोवतीही जवळपास तेवढ्याच दिवसांत फिरतो, ही शंकेची जागा तेव्हाही होती. तरी मालिकेच्या चाहत्यांना केवढा आनंद झाला!

तो टिकला नाही. २०२४ साली अ‍ॅबिगेल बरोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अ‍ॅरिझोनातील किट पीक येथील अधिक सूक्ष्म उपकरणाने तोच प्रकाश पुन्हा तपासला. तो फरक ग्रहामुळे नसून ताऱ्याच्या पृष्ठभागावरील तप्त व थंड डागांच्या उलाढालीमुळे पडत होता. व्हल्कन हरवला.

या नावाचा ग्रह हरवण्याची ही पहिलीच वेळ नव्हे. फ्रान्सचे थोर गणिती ल व्हेरिए यांनी कागदावरील आकडेमोडीने नेपच्यूनचे स्थान सांगितले होते, आणि १८४६ साली तो ग्रह खरोखर सापडला. पुढे बुधाच्या कक्षेत थोडा हिशेब जुळेना, तेव्हा १८५९ साली त्यांनी सूर्य आणि बुध यांच्या दरम्यान काही अज्ञात वस्तुमान असले पाहिजे, असे अनुमान काढले. एका खेड्यातील डॉक्टराने सूर्यबिंबावरून ठिपका सरकताना पाहिल्याचे कळविले, आणि त्या ग्रहाचे नाव व्हल्कन ठरले. ल व्हेरिए १८७७ साली वारले, ते त्यावरील विश्वास उराशी बाळगूनच. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी नव्या सिद्धांताने तो हिशेब चोख जुळवून दाखविला. त्यात व्हल्कनची गरजच उरली नाही.

या हकीकतीत कोणी लबाडी केली नव्हती. पहिल्या वेळी पूर्वीच्या यशाचा भरवसा होता, दुसऱ्या वेळी आवडत्या कथेची ओढ. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण पुराव्याची जागा त्या घेऊ शकत नाहीत. कथेमुळे हजारो लोकांनी एका अंधूक ताऱ्याकडे मान वर करून पाहिले, हे तिचे श्रेय खरेच. तेथे काय आहे, हे मात्र मोजणाऱ्यानेच सांगावे. आणि मोजमाप आपल्या इच्छेविरुद्ध गेले, तर ते मुकाट्याने स्वीकारावे. स्पॉकनेही तेच केले असते.