इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषण कोठे बसते?

'शी ड्राइव्ह्ज केअरफुली द कार.' मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या वहीत अशा घडणीचे वाक्य वारंवार आढळते. त्यातील प्रत्येक शब्द योग्य असतो, क्रियापदाला 'एस'ही लावलेला असतो. तरीही शिक्षक त्यावर लाल रेघ ओढतात आणि 'शी ड्राइव्ह्ज द कार केअरफुली' असे लिहून देतात. असे का, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. वास्तविक ही चूक अज्ञानातून होत नाही. विद्यार्थी आपल्या मातृभाषेच्या वाक्यरचनेशी प्रामाणिक राहतो आणि म्हणूनच चुकतो.

या प्रश्नाचा विचार करताना सुरत शहराची आठवण येते. महाराष्ट्र भाषेचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर १८४०च्या दशकात सुरतेच्या इंग्रजी शाळेत अध्यापन करीत होते. दुर्गाराम मेहता यांच्यासह त्यांनी १८४४ साली स्थापन केलेली मानवधर्म सभा याच शहरातली. मराठीच्या शब्दांचे वर्गीकरण करताना दादोबांनी इंग्रजी व्याकरणाचा नमुना समोर ठेवला होता. त्यावर पुढे आक्षेपही घेतले गेले. परंतु एका भाषेच्या उजेडात दुसरी पाहण्याची त्यांची पद्धत आजही उपयोगी आहे. आता गरज आहे ती उलट दिशेने, म्हणजे मराठीच्या उजेडात इंग्रजी पाहण्याची.

सुरतेत ही गरज विशेष जाणवते. कापड उद्योगाच्या आधाराने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे तेथील उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत मोठ्या संख्येने राहतात. महानगरपालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळाही तेथे आहेत. अशा कुटुंबातील मुलाच्या कानावर घरी मराठी किंवा अहिराणी पडते, बाजारात गुजराती. नोकरीचा अर्ज मात्र अनेकदा इंग्रजीत करावा लागतो. पहिल्या तिन्ही भाषांत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या शेवटी येते. आपल्या कोकणीतही तसेच. त्यामुळे सुरतेतील विद्यार्थ्याची अडचण गोव्यातील विद्यार्थ्याला परकी वाटू नये.

आता मूळ वाक्याकडे वळू. 'ती गाडी जपून चालवते' हे सरळ मराठी वाक्य. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद येते, एवढे विद्यार्थ्याला ठाऊक असते. म्हणून तो कर्ता जागेवर ठेवतो आणि उरलेले वाक्य शेवटाकडून वाचत जातो : चालवते, जपून, गाडी. 'ड्राइव्ह्ज केअरफुली द कार' हे याच वाचनाचे फळ. हेच वाक्य त्याने मनात 'ती जपून गाडी चालवते' असे मांडले असते, तर उलट वाचन करूनही उत्तर बरोबर आले असते.

मराठीला हे दोन्ही क्रम चालतात, कारण शब्दाचे नाते सांगण्यास तिच्यापाशी प्रत्यय आहेत. 'रमेशने सुरेशला काल पाहिले' आणि 'सुरेशला काल रमेशने पाहिले' यांत कोणी कोणाला पाहिले, याविषयी शंका राहत नाही. इंग्रजीत मात्र 'रमेश सॉ सुरेश' आणि 'सुरेश सॉ रमेश' यांतील भेद केवळ जागेने ठरतो. जेथे जागाच प्रत्ययाचे काम करते, तेथे क्रियापद आणि त्याचे कर्म यांची जोडी सहसा फोडली जात नाही. क्रियाविशेषण या जोडीच्या आधी किंवा नंतर येते, मध्ये नाही. कर्म फार लांबलचक असेल, तर लेखनात कधी अपवाद केला जातो.

सर्वनामाला मात्र ही सवलत नाही. 'ही' आणि 'हिम' अशी रूपे वेगळी असूनही सर्वनाम क्रियापदाला अधिकच बिलगून राहते. 'टर्न ऑफ द मशीन' आणि 'टर्न द मशीन ऑफ' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत; पण यंत्राऐवजी सर्वनाम आले की 'टर्न इट ऑफ' एवढेच शुद्ध, 'टर्न ऑफ इट' अशुद्ध. सर्वनाम आधीच माहीत असलेल्या वस्तूविषयी बोलते, त्यावर आघात नसतो. आणि इंग्रजी वाक्याचा शेवट सहसा नव्या किंवा वजनदार शब्दासाठी राखलेला असतो.

मग 'लुक आफ्टर हिम' शुद्ध कसे? कारण तेथील 'आफ्टर' क्रियाविशेषण नाही. ते आपल्या शब्दयोगी अव्ययासारखे आहे, फक्त नामाच्या आधी येते. ओळखण्याची खूण सोपी आहे. नाम मध्ये घालून पाहावे. 'टर्न द मशीन ऑफ' म्हणता येते, म्हणून सर्वनामही मध्ये येते. 'लुक द चाइल्ड आफ्टर' म्हणता येत नाही, म्हणून सर्वनाम शेवटी जाते.

'ऑल्वेज', 'ऑफन', 'नेव्हर' यांसारख्या वारंवारता सांगणाऱ्या शब्दांची जागा निराळी. मराठीत 'तो नेहमी उशिरा येतो' आणि 'तो नेहमी आजारी असतो' यांत 'नेहमी' एकाच ठिकाणी आहे. इंग्रजीत पहिल्या वाक्यात ते मुख्य क्रियापदाआधी येते : 'ही ऑल्वेज कम्स लेट.' दुसऱ्यात ते 'इज'नंतर येते : 'ही इज ऑल्वेज इल.' साहाय्यक क्रियापदे असतील, तर पहिल्या साहाय्यकानंतर : 'ही हॅज ऑल्वेज हेल्प्ड अस.' जोर देण्यासाठी हा क्रम बदलता येतो. पण शिकणाऱ्याने आधी साधा क्रम पक्का करावा.

येथवरच्या चुका गुण कमी करतात. 'ओन्ली'ची चूक पैसेही कमी करू शकते. समजा, एखाद्या कारखान्याच्या फलकावर लिहिले आहे : 'वुई विल पे फाइव्ह हंड्रेड रुपीज ओन्ली टु वर्कर्स प्रेझेंट टुडे.' याचा अर्थ पाचशेच रुपये मिळतील, की आज हजर असलेल्यांनाच मिळतील? बोलताना आवाजाच्या चढउताराने उलगडा होतो. फलकाला आवाज नसतो. मराठीत 'पाचशेच' आणि 'हजर कामगारांनाच' असे म्हटले की वाद मिटतो, कारण 'च' ज्या शब्दाचा, त्यालाच चिकटतो. इंग्रजीत लिहिताना आधी हा 'च' कोठे लागतो ते मनात ठरवावे आणि 'ओन्ली' त्या शब्दाच्या लगेच आधी ठेवावे. पाचशेच म्हणायचे असेल, तर 'ओन्ली फाइव्ह हंड्रेड रुपीज' असे लिहिता येते. हजर कामगारांनाच म्हणायचे असेल, तर 'ओन्ली वर्कर्स प्रेझेंट टुडे' अशी सुरुवात करून वाक्य नव्याने बांधावे.

शिक्षकांना यासाठी नवे पुस्तक नको. लाल रेघेशेजारी 'ती गाडी जपून चालवते' आणि 'ती जपून गाडी चालवते' ही दोन वाक्ये लिहून द्यावीत आणि कोणते उलटे वाचले असता इंग्रजी साधते, ते मुलालाच शोधू द्यावे. आपण कोठे चुकलो हे त्याला आपल्याच भाषेतून कळेल.